आरशातली मोटार किती दूर?

मोटारगाडीच्या दाराबाहेर बसविलेला आरसा ही तशी क्षुल्लक वस्तू. वीतभर दांडी आणि तिच्या टोकाला बशीएवढी काच, एवढाच तिचा पसारा. परंतु या बशीएवढ्या काचेत प्रकाशाचे परावर्तन आहे, चांदीचे रसायनशास्त्र आहे, लोखंडाचे गंजणे आहे आणि कंपनांचे गणितही आहे. शिवाय तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. त्याचे उत्तर चुकले, तर रस्त्यावरच्या एखाद्या माणसाचा जीव जाऊ शकतो. तो प्रश्न असा: आरशात दिसणारी मोटार खरोखर किती दूर आहे?

हा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी आपण एक जुनी गाडी उदाहरणादाखल घेऊ. अमेरिकेत पुढे दोन-तीन माणसे बसतील एवढी खोली आणि मागे उघडा हौदा असलेल्या छोट्या मालगाडीला पिकअप म्हणतात. तेथील शेतकऱ्याचे, सुताराचे, दूधवाल्याचे हे हक्काचे वाहन. शेवरोले कंपनीने १९४७ साली बाजारात आणलेला आणि १९५५ पर्यंत बनविलेला '३१००' हा पिकअप त्यांपैकीच एक. (शेवरोले हे नाव मुंबईलाही नवे नाही. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीला १९२८ ते १९५४ या काळात चालू होता.) असे जुने पिकअप शोधून, त्यांचा एकेक भाग सोडवून, साफ करून, ते पूर्वीसारखे चालते करण्याचा छंद अमेरिकेत हजारो लोकांना आहे. इंजिन झाले, रंग झाला, की शेवटी त्यांच्यापुढे एक किरकोळ वाटणारे काम उरते: बाहेरचे आरसे. जुनेच दुरुस्त करायचे, की नवे निवडायचे? आणि निवडायचे तर सपाट काचेचे, की फुगीर काचेचे?

आरसा गाडीवर कसा आला?

३० मे १९११ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली मोटार शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या मोटारीत चालकाबरोबर एक यंत्रकुशल सोबती बसे. मागून कोण येत आहे, हे मागे वळून सांगणे हेही त्याचे एक काम. रे हॅरून या चालकाची मोटार मात्र एकट्यापुरतीच होती. इतर स्पर्धकांनी तक्रार केली, की याला मागचे दिसणार नाही, मग सर्वांनाच धोका. हॅरून याने आपल्या समोर चार खांबांवर एक आयताकृती आरसा बसविला आणि शर्यत जिंकलीही. गंमत अशी, की विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता, की त्यात काहीच धड दिसत नव्हते, असे पुढे त्यानेच सांगितले. ही थरथर लक्षात ठेवा. पुढे तिच्याशी आपली गाठ पडणार आहे.

पुढे साध्या मोटारींनाही आरसे आले. १९४० आणि १९५० च्या दशकांतील पिकअपना सहसा चालकाच्या बाजूला एकच बाहेरचा आरसा असे. दुसऱ्या बाजूचा हवा असल्यास गिऱ्हाईक वेगळे पैसे देऊन बसवून घेई. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि चालक डावीकडे बसतो. म्हणजे आपल्या नेमके उलट. त्यामुळे या लेखात चालकाच्या जवळचा आरसा तो डावा आणि लांबचा तो उजवा, हे ध्यानात असू द्या.

आधी लोहचुंबक, मग पाना

सत्तर वर्षांचा आरसा हातात आला, की हौशी माणूस प्रथम पाना उचलत नाही, लोहचुंबक उचलतो. चुंबक चिकटला तर भाग पोलादाचा. चिकटला नाही आणि भाग वजनदार व राखट दिसत असला, तर तो बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग. दोन्हींवर क्रोमियमचा चकचकीत मुलामा असतो, पण दोन्हींचे रोग निराळे आणि औषधेही निराळी.

क्रोमियमचा मुलामा म्हणजे जाड पत्रा असेल, असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. गंजापासून खरे संरक्षण त्याखालचा निकेलचा थर करतो. निकेलखाली पुष्कळदा तांब्याचाही थर असतो. क्रोमियमचे काम चकाकी देणे आणि ओरखडे टाळणे. या थरांत सुईच्या अग्राएवढे जरी छिद्र पडले, तरी ओलाव्यात तेथे एक छोटासा विद्युतघटच तयार होतो. निकेलच्या सान्निध्यात लोखंड अधिक वेगाने झिजते आणि छिद्रातून तपकिरी ठिपका वर येतो. खालची धातू जस्त असेल तर तपकिरी गंज दिसत नाही. त्याऐवजी पांढरट भुकटी साचते आणि मुलाम्याला बारीक फोड येतात.

पोलादी भागावर गंजाचे ठिपके नुसते वरवरचे असतील, तर साधी युक्ती चालते. अॅल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यात बुडवून त्याने हळूहळू घासायचे. अॅल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने मुलाम्यावर ओरखडे पडत नाहीत, पण गंज निघून येतो. मुलामा नसलेली, गंजाने माखलेली दांडी किंवा पकड असेल, तर विजेची मदत घेतात. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पातळ द्रावण करून त्यात गंजलेला भाग १२ व्होल्टच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा एक टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडतात. काही तासांत गंज सैल होऊन पडतो. ही कृती शिक्षकांच्या देखरेखीखालीच आणि उघड्या हवेत करावयाची, कारण ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. धनाग्रासाठी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये. त्यातील क्रोमियम द्रावणात उतरून विषारी संयुगे बनतात. मुलाम्याचे आणि जस्ताचे भागही या बादलीत घालू नयेत. सोड्याचे द्रावण जस्ताला खाते.

मुलामाच पार निघाला असेल, तर नवा मुलामा देण्याचे काम कारखान्यावर सोपवावे. ज्या द्रावणातून हा मुलामा परंपरेने चढवितात, त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारे आहे. हे घरच्या परसात करण्याचे काम नव्हे.

काच कडेने काळी का पडते?

आता काचेकडे वळू. जुन्या आरशाच्या कडेला काळे डाग पसरलेले दिसतात. काच खराब होते म्हणून हे डाग पडत नाहीत. खराब होतो तो तिच्या पाठीवरचा धातूचा थर.

पूर्वी आरसे बनविताना काचेच्या पाठीला कथील आणि पाऱ्याचा लेप देत. पाऱ्याच्या वाफांनी कारागीर आजारी पडत. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी दाखविले, की सिल्व्हर नायट्रेटच्या अमोनियायुक्त द्रावणात अल्डिहाइड घातले, की शुद्ध चांदीचा झळझळीत थर काचेवर बसतो. या शोधातून पुढे चांदीचे आरसे आले आणि पारा मागे पडला. (हे द्रावण साठवून ठेवले तर त्यात स्फोटक संयुगे तयार होतात. म्हणून प्रयोगशाळेत हा प्रयोग शिक्षकच करतात आणि उरलेले द्रावण लगेच टाकून देतात.)

चांदी तिच्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९५ टक्के परत पाठविते. अॅल्युमिनियम सुमारे ९० टक्के, तर क्रोमियम जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास. तरीही गाडीच्या पुष्कळ आरशांवर क्रोमियमच वापरतात. ते कठीण असते, हवेने काळवंडत नाही आणि रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप थोडी कमी डोळ्यांवर येते. चांदीला मात्र ओलावा आणि हवेतील गंधकाची संयुगे सोसत नाहीत. तिच्या पाठीवर तांबे व रंग यांचे रक्षक थर असतात, पण काचेची कापलेली कड उघडी राहते. आरशाच्या वाटीत पावसाचे पाणी साचले, की ते कडेतून आत शिरते आणि डाग कडेकडून मध्याकडे सरकू लागतो.

यावरून दुरुस्तीचे तीन नियम निघतात. वाटीच्या तळाशी पाणी निघून जाण्याचे भोक असते, ते मोकळे ठेवावे. नवी काच बसविताना तिच्या कडेला रंगाचा किंवा वॉर्निशचा हात द्यावा. आणि काच चिकटविण्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन वापरू नये. वाळताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि तेच पाठीवरचा थर खराब करते. अशा आम्लाविना वाळणारे सिलिकोन मिळते, ते घ्यावे.

आरसा म्हणजे खिडकी

येथपर्यंत दुरुस्ती झाली. आता निवड. त्यासाठी आरसा किती दाखवितो, हे मोजता आले पाहिजे. सपाट आरशाच्या बाबतीत ते अगदी सोपे आहे.

सपाट आरशात पाहताना तुमच्या डोळ्याची प्रतिमा आरशामागे तितक्याच अंतरावर असते, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. आता कल्पना करा, की आरसा ही भिंतीतली एक छोटी खिडकी आहे आणि प्रतिमेतला डोळा त्या खिडकीतून बाहेर पाहत आहे. खिडकीतून त्या डोळ्याला जेवढे दिसेल, तेवढेच तुम्हाला आरशात दिसते.

पिकअपचा गोल आरसा १२.५ सेंटिमीटर व्यासाचा आहे असे धरू. चालकाचा डोळा डाव्या आरशापासून ७५ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे खिडकीमागचा डोळाही ७५ सेंटिमीटरवर. समरूप त्रिकोणांचा नियम लावला, तर २० मीटर मागे या खिडकीतून दिसणारी पट्टी १२.५ × २०७५ ÷ ७५, म्हणजे सुमारे ३४५ सेंटिमीटर रुंद येते. साडेतीन मीटर म्हणा. अमेरिकेतील महामार्गावर वाहनांच्या एका रांगेची रुंदी १२ फूट, म्हणजे ३.७ मीटर असते. थोडक्यात, डावा आरसा जवळजवळ एक रांग दाखवितो. ठीक आहे.

आता उजवा आरसा. पिकअपची खोली रुंद, त्यामुळे तो डोळ्यापासून दीड मीटर लांब आहे. आरसा तोच, काच तीच. पण २० मीटर मागे दिसणारी पट्टी येते १२.५ × २१५० ÷ १५०, म्हणजे अवघी १.८ मीटर! अर्धीच रांग. खिडकीपासून मागे सरकले, की बाहेरचे कमी दिसते, तसेच हे. (आरसा तिरका असल्याने प्रत्यक्षात थोडे कमी, आणि दोन डोळ्यांनी पाहिल्याने थोडे अधिक दिसते. पण अंदाज बदलत नाही.)

या १.८ मीटरच्या पट्टीबाहेर एखादी सायकल किंवा शाळेतून परतणारी मुलगी असेल, तर उजवीकडे वळणाऱ्या चालकाला ती दिसणारच नाही. त्यातच पिकअपच्या हौद्यात उंच माल भरला, की आतल्या आरशात मालाखेरीज काही दिसत नाही. मग सारा भार बाहेरच्या आरशांवर.

दीड मिलिमीटरचा फुगवटा

यावर उपाय दोन. एक म्हणजे आरसा मोठा करावयाचा. अमेरिकन मालट्रकांना 'वेस्ट कोस्ट' नावाचे उभे, आयताकृती, हातभर उंच आरसे असतात ते यासाठीच. दुसरा उपाय म्हणजे काच फुगीर, म्हणजे बहिर्वक्र करावयाची.

बहिर्वक्र आरशाची वक्रता त्रिज्या १.२ मीटर आहे असे समजा. मग त्याचे नाभीय अंतर त्याच्या निम्मे, ०.६ मीटर. चिन्हांचा विचार बाजूला ठेवून नुसती अंतरे घेतली, तर नियम असा:

१ ÷ प्रतिमेचे अंतर = १ ÷ नाभीय अंतर + १ ÷ वस्तूचे अंतर

येथे 'वस्तू' म्हणजे चालकाचा डोळा, दीड मीटरवरचा. हिशेब केला, तर डोळ्याची प्रतिमा आरशामागे फक्त ०.४३ मीटरवर येते. सपाट आरशात ती दीड मीटर मागे होती. आता ती खिडकीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली आहे. खिडकीला नाक लावले, की सारे अंगण दिसते. तसेच येथेही घडते. २० मीटर मागची पट्टी आता १.८ मीटरऐवजी सुमारे ६ मीटर रुंद दिसते. म्हणजे सव्वातीन पटींहून थोडी अधिक.

आणि यासाठी काच किती फुगवावी लागली? मध्यभागी केवळ १.६ मिलिमीटर. दीड मिलिमीटरच्या फुगवट्याने अर्ध्या रांगेची दीड रांग झाली. एवढ्या स्वस्तात एवढा लाभ! मग सगळेच आरसे फुगीर का करू नयेत?

लाभाची किंमत

कारण निसर्ग फुकट काही देत नाही. काच तेवढीच आहे, १२.५ सेंटिमीटरची. पूर्वी तिच्यात १.८ मीटर मावत होते, आता ६ मीटर मावतात. म्हणजे प्रत्येक वस्तू त्याच प्रमाणात लहान होऊनच त्यात मावणार.

हिशेब करून पाहा. २० मीटर मागे १.६ मीटर रुंद मोटार आहे. बहिर्वक्र आरशात तिची प्रतिमा आरशामागे ०.५८ मीटरवर तयार होते आणि ती फक्त ४.७ सेंटिमीटर रुंद असते. चालक ती दीड अधिक ०.५८, म्हणजे सुमारे २.०८ मीटरवरून पाहतो. तेवढ्या आकाराची मोटार सपाट आरशात केव्हा दिसेल? ती ७० मीटर मागे असेल तेव्हा!

आता वेग विचारात घ्या. मागची मोटार तुमच्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने अधिक वेगात येत आहे. नुसत्या आकारावरून अंदाज बांधणारा चालक मनात म्हणेल, 'अजून सात सेकंद आहेत, रांग बदलू या.' प्रत्यक्षात त्याच्यापाशी दोनच सेकंद आहेत. सवयीने चालक हा फरक काही अंशी भरून काढतात, हे खरे. पण आयुष्यभर सपाट आरसा वापरलेल्या माणसाने जुन्या पिकअपला नवा फुगीर आरसा लावला, तर पहिल्या दिवशी त्याला ही सवय कोठून असणार?

म्हणूनच अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांत चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच असावा लागतो. उजव्या बाजूला बहिर्वक्र आरसा चालतो, पण त्याची वक्रता त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटर यांच्या दरम्यान हवी आणि काचेवर इशारा कोरलेला हवा, की आरशातील वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. युरोपात आणि आपल्याकडे चालकाच्या बाजूलाही बहिर्वक्र आरसा चालतो. एकाच नियमाला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली, याचे कारण विज्ञानातील मतभेद नव्हे. अधिक रुंद दिसणे मोलाचे, की अंतर खरे दिसणे मोलाचे, हे ठरविण्यात फरक पडला. भूमिती फक्त सांगते, की दोन्ही एकाच काचेत पूर्णपणे मिळणार नाहीत.

फुगवटा सगळीकडे सारखा न ठेवता काचेच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळा ठेवला तर? अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील गणिती अँड्र्यू हिक्स यांनी अशाच एका पृष्ठभागाची रचना केली आणि २०१२ साली तिला एकस्व मिळाले. तिच्यात सुमारे ४५ अंशांचे क्षेत्र दिसते आणि वस्तूंचे आकार फारसे वाकडे होत नाहीत. मात्र वस्तू लहान दिसण्यातून तिचीही सुटका नाही.

थरथरणारी दांडी

काच उत्तम, पण दांडी लेचीपेची असेल तर सारे व्यर्थ. आरसा एक अंशाने वळला, तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. म्हणजे दांडी एका अंशाने हलली, तर २० मीटर मागचे दृश्य ७० सेंटिमीटर सरकते. हॅरूनला काही दिसले नाही ते उगीच नव्हे.

जुन्या पिकअपमध्ये आरशाची दांडी पुष्कळदा दाराच्या वरच्या बिजागरीला जोडलेली असते. बिजागरी झिजलेली असेल, तर नवी दांडी बसवूनही आरसा हलतच राहतो. शिवाय एका टोकाला पकडलेल्या दांडीचा ताठरपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी केली, की ताठरपणा आठ पट. '३१००' चे इंजिन सहा सिलिंडरांचे आहे. ते उभ्या गाडीत मिनिटाला ५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ स्फोट होतात. दांडीची स्वतःची वारंवारता नेमकी २५ च्या जवळ असेल, तर अनुनाद होऊन आरसा झणाणू लागतो. मग दांडी आखूड करावी, जाड करावी किंवा तिला तिरपा आधार द्यावा. मोठ्या आरशांना दोन-तीन दांड्या असतात, त्या शोभेसाठी नव्हेत.

मग निवड कशी करावी?

पिकअप मूळ रूपात ठेवण्याची हौस आणि रस्त्यावरच्या माणसांची सुरक्षितता, या दोहोंत भांडण होण्याचे कारण नाही. डोळ्याला जुनेपण जाणवते ते वाटीचा घाट, दांडीचे वळण आणि क्रोमियमची चकाकी यांतून. काच सपाट आहे की दीड मिलिमीटर फुगलेली, हे चार पावलांवरून कोणालाही कळत नाही. म्हणून वाटी आणि दांडी जुनीच दुरुस्त करावी आणि निर्णय घ्यावा तो काचेपुरता.

डावीकडे सपाट काच ठेवावी. रांग बदलताना मागच्या गाडीचे अंतर आणि वेग जोखायचा तो याच आरशात. उजवीकडे मूळ गाडीला आरसा नसला, तरी तो बसवावा, आणि तो बहिर्वक्र असावा. कारण दीड मीटरवरून सपाट आरसा अर्धीच रांग दाखवितो. उजव्या आरशाचा उपयोग 'तेथे कोणी आहे का?' एवढे विचारण्यासाठी करावा. 'किती दूर आहे?' हे त्याला विचारू नये. उत्तर कमी धोक्याचे वाटेल, पण ते खरे नसेल.

आरसे लावण्याचीही एक रीत आहे. अमेरिकन अभियंते जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ साली मोटार अभियंत्यांपुढे ती मांडली. चालकाने डोके डाव्या खिडकीला टेकवावे आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका डावा आरसा बाहेर वळवावा. मग डोके गाडीच्या मध्याकडे झुकवून उजवा आरसा तसाच लावावा. सरळ बसल्यावर आरशांत आपली गाडी दिसत नाही, पण शेजारची रांग दिसते. ही रीत आतल्या आरशाच्या भरवशावर आहे. हौद्यात उंच माल असेल, तेव्हा ती चालणार नाही.

अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारी व पिकअपना मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा सक्तीचा आहे. जुन्या पिकअपला तो नाही. तिच्या चालकाला काच, मान आणि समजूत यांवरच भागवावे लागते.

करून पाहा

१. पेन्सिलीचे टोक आरशाला टेकवा. टोक आणि त्याची प्रतिमा एकमेकांना चिकटली, तर धातूचा थर काचेच्या पुढे आहे. मध्ये फट दिसली, तर तो पाठीमागे आहे. फटीची जेवढी लांबी दिसते, तिच्या सुमारे पाऊणपट काचेची जाडी असते. ३ मिलिमीटर काचेत फट ४ मिलिमीटरची दिसते. असे का, ते काचेच्या अपवर्तनांकावरून शोधा.

२. उभ्या असलेल्या स्कूटरच्या किंवा मोटारीच्या बहिर्वक्र आरशावर पोलादी पट्टी आडवी धरा. पट्टी मध्यभागी टेकेल आणि दोन्ही कडांशी सारखी फट राहील. फट मोजा. आरशाच्या निम्म्या रुंदीचा वर्ग करून त्याला फटीच्या दुपटीने भागा. वक्रता त्रिज्या मिळेल. शाळेत स्फेरोमीटर असल्यास उत्तर ताडून पाहा.

३. शाळेच्या मैदानावर मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, इंजिन बंद असलेल्या मोटारीत चालकाच्या जागी बसा. आपल्याकडे लांबचा आरसा डावा. मागे एक मित्र १०, २० आणि ३० मीटरवर, तुम्हाला न सांगता, उभा राहील. डाव्या आरशात पाहून प्रत्येक वेळी अंतराचा अंदाज लिहा, मग दोरीने मोजा. वर्गातील दहा जणांचे अंदाज फळ्यावर मांडले, म्हणजे आरशाला किती विश्वासाने प्रश्न विचारावा, ते सर्वांना कळेल.

४. लेखातील उजव्या आरशाची वक्रता त्रिज्या १.२ ऐवजी ०.९ मीटर असती, तर २० मीटर मागे किती रुंद पट्टी दिसली असती? आणि २० मीटरवरची मोटार सपाट आरशातील किती अंतरावरच्या मोटारीएवढी दिसली असती? (उत्तर: सुमारे ७.३ मीटर आणि सुमारे ८७ मीटर.)